भरपाईची पेनल्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात एक छोटी बातमी होती. १४ वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल मॅच, 'रेफरीच्या वादग्रस्त निर्णयामुळे' गोंधळ, पालक मैदानात उतरले, खेळ बराच वेळ थांबला. त्या मॅचला रेफरी मी नव्हते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पत्र वाचून लोक म्हणतील बघा आता सारवासारव करायला आली. पण जो कोण होता त्याचं काय झालं असेल ते मला पुरतं माहितीये, कारण मी गेली चार वर्षं कोल्हापुरात हेच करते. शाळांच्या मॅचेस, ॲकॅडमीच्या स्पर्धा, उन्हाळी शिबिरांच्या शेवटी होणाऱ्या मॅचेस, १०, १३, १५ वर्षांखालची पोरं. शनिवार-रविवार सकाळी सातला ग्राउंडवर, दिवसाला तीन-तीन चार-चार मॅचेस, आणि मिळणारे पैसे पेट्रोलमधे आणि नाष्ट्याच्या मिसळीतच जातात.

मला त्या 'वादग्रस्त निर्णयामुळे' या शब्दाबद्दलच लिहायचंय. म्हणजे निर्णय दिला म्हणून पालक मैदानात उतरले असा त्याचा अर्थ होतो, जसं पाऊस पडला म्हणून चिखल झाला. पालक स्वतःच्या पायांनी उतरले हो. पण ते जाऊ दे, ते सगळेच लिहितात. मी आज वेगळंच सांगणार आहे, माझीच एक चूक, जी कुठल्याच पेपरात आली नाही, जिच्यावरून कुणीच गोंधळ घातला नाही, आणि माझ्या मते गोंधळ घालण्यासारखी खरी चूक तीच होती.

दोन वर्षांपूर्वीची १३ वर्षांखालची मॅच, २०-२० मिनिटांचे हाफ. पहिल्या हाफमधे डीमधे, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात, एकानं जोरात किक मारली आणि अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या डिफेंडरच्या हाताला बॉल लागला, हात अंगाला चिकटलेला, पोरानं भीतीनं डोळेच मिटले होते. नियमानं ते हँडबॉल नाही. बॉल हाताला लागला की हँडबॉल असं आपल्याकडं अजून लोक धरून चालतात, पण हात मुद्दाम नेला का किंवा हात पसरून अंग उगाच मोठं केलं का हे बघायचं असतं. मी खेळ चालू ठेवला. झालं, गोलच्या मागं उभ्या असलेल्या पालकांनी एकच कल्ला केला. हँड, हँड, ओ मॅडम हँड दिसत न्हाई का, चष्मा लावा, पैसं किती घेतलासा. एक काका मोबाईलवर शूटिंग करत सरळ लाइनच्या आत आले, हे बघा म्हणून स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरली. त्यांचा कोच पाण्याची बाटली खुर्चीवर आपटतोय. मी काही बोलले नाही, नुसतं हातानं मागं व्हा केलं, आणि आतून मात्र माझं पाणी पाणी झालेलं. पुढची दहा मिनिटं मला बॉल दिसतच नव्हता, फक्त आवाज ऐकू येत होते.

सेकंड हाफला त्याच ओरडणाऱ्या पालकांच्या टीमचा एक पोरगा डीमधे पडला. स्वतःच्या सुटलेल्या लेसवर पाय पडून पडला, जवळचा डिफेंडर हातभर लांब होता. आणि मी शिट्टी मारली. पेनल्टी. हात आपोआप पेनल्टीच्या स्पॉटकडं गेला, डोकं नंतर पोचलं. आणि तुम्हाला खरं सांगते, शिट्टी वाजल्याबरोबर तो गोलमागचा सगळा आवाज बंद झाला ना, ती शांतता मला इतकी गोड लागली की बास. गोलकीपर अकरा-बारा वर्षांचा असेल, हातमोजे त्याच्या मापापेक्षा मोठे, तो माझ्याकडं आला आणि अगदी सरळ विचारलं, "मॅडम, कुणी पाडलं त्याला?" भांडायचं म्हणून नाही, खरंच विचारत होता. मी त्याला म्हणाले, "मागं हो, लाइनवर जा." गोल झाला, ते १-० नं जिंकले, मघाचे काका जाताना मला "चांगली केलीस मॅच पोरी" म्हणून गेले.

हरलेल्या टीमचे कोच शांत माणूस, पालक पण तीन-चारच आलेले, बाजूच्या गावातनं वडाप रिक्षानं आले होते. ते ओरडले नाहीत म्हणून हरले. एवढाच त्या मॅचचा हिशोब आहे.

तर माझं म्हणणं असं की पोरांच्या मॅचमधे रेफरी चुकतो हा मोठा प्रश्नच नाही. टीव्हीवर दहा-दहा कॅमेरे लावून, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवर तपासणारा रेफरी, बसवून पण चुकतात. प्रश्न तेव्हा होतो जेव्हा रेफरी घाबरतो, कारण घाबरलेला रेफरी भरपाई करायला लागतो. इकडं एक दिलं नाही तर तिकडं एक देऊन टाकतो, मोठ्या आवाजाच्या टीमचे फाऊल कमी बघतो, शेवटची दोन मिनिटं गडबडीत आटपतो. आणि हे बाहेरून दिसत नाही, उलट लोक म्हणतात आज मॅच छान झाली, कटकट नाही झाली.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या एका सीनियर सरांकडं गेले, त्यांनी आयुष्यभर पेठांच्या मॅचेस घेतल्यात. (पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, जो शाहू स्टेडियमवर यातल्या कुठल्याही दोन टीमची मॅच घेऊन चालत घरी गेलाय त्याला कॉन्फिडन्स म्हणजे काय ते विचारावं.) मला वाटलेलं ते म्हणतील घाबरायचं नाही, डॅशिंग राहायचं, एकदा तांबडं कार्ड काढलं की सगळे गप. ते यातलं काहीच बोलले नाहीत. चहा झाल्यावर एकच विचारलं, "हँडच्या टायमाला तू कुठं उभी होतीस?" मी म्हणाले, सेंटर सर्कलच्या थोडं पुढं. "मग भांडण तिथंच झालं की," म्हणाले.

त्याचा अर्थ कळायला मला एक सीझन लागला. निर्णय बरोबर असून उपयोग नसतो, तो तिथं उभं राहून दिलेला दिसला पाहिजे. चाळीस पावलांवरून दिलेला बरोबर निर्णय आणि आठ पावलांवरून दिलेला चुकीचा निर्णय यातला लोक दुसरा मानतात, हे बरं की वाईट मला माहीत नाही पण तसंय. म्हणून रेफरीचं भांडण मिटवणं पायापासून सुरू होतं, पळण्यापासून. सरांनी मला महिनाभर फक्त पळायला लावलं, मैदानाच्या एका कोपऱ्यातनं समोरच्या कोपऱ्याकडं तिरकं, बॉल आपल्या आणि लाइन्समनच्या मधे राहील असं. पोरांच्या मॅचला लाइन्समन म्हणजे बहुतेक वेळा ज्या टीमची मॅच नंतर आहे त्यातलेच दोन सबस्टिट्यूट असतात, एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात वेफर्सचं पाकीट, त्यामुळं ऑफसाइडचं पण आपल्यालाच बघायला लागतं हा भाग वेगळा.

मग शिट्टी. हसू नका, शिट्टी वाजवायला शिकायला लागतं. माझी पहिली शिट्टी म्हणजे वाटाण्याची, ती थुंकीनं ओली झाली की वाटाणा अडकायचा आणि नुसती फुस्स व्हायची, तेवढ्यावरून पोरं हसायची आणि पालकांना कळायचं की नवीन आहे. आता बिनवाटाण्याची घेतलीये. पण खरी गोष्ट फुंकर, पोटातनं आली पाहिजे आणि जिभेनं तोडली पाहिजे. साध्या फाऊलला छोटी, थ्रो-इनला बहुतेक वेळा वाजवायचीच नाही, आणि कुणी मागनं पायावर जोरात घुसला तर अशी वाजवायची की तो पोरगा उठायच्या आधी सगळ्यांना कळलं पाहिजे की मॅडमनी बघितलंय. कारण पोरं चिडून एकमेकांवर धावतात ते लागल्यामुळं कमी आणि कुणी बघितलंच नाही या रागानं जास्त. ती एक शिट्टी वेळेवर आणि मोठी आली तर अर्धी मारामारी तिथंच संपते. सकाळी सहाला रिकाम्या ग्राउंडवर मी आणि सर शिट्ट्या मारत बसायचो, शेजारच्या बिल्डिंगमधली एक आजी खिडकीतनं काय काय बोलायची ते इथं लिहिता येणार नाही.

आणि निर्णय दिल्यावर तिथंच उभं राहायचं नाही. हे मला सगळ्यात जास्त कामाला आलं. पेनल्टी दिली, पाच-सहा पोरं हात वर करून अंगावर येतात, नवीन रेफरी तिथंच उभा राहतो, घोळक्याच्या मधे सापडतो, वर बघत सगळ्यांना एकदम उत्तरं द्यायला लागतो आणि संपला. त्यापेक्षा शिट्टी मारली, स्पॉट दाखवला की चालत बाजूच्या मोकळ्या जागेकडं निघायचं, पळायचं नाही, चालायचं. घोळका आपोआप लांबट होतो, मागचे दोघं तिघं कंटाळून थांबतात, समोर येतो एकच, बहुतेक वेळा कॅप्टन. त्याच्याशी बोलायचं. बाकीच्यांना एवढंच, कॅप्टन बोलेल. २०२४ च्या युरो कपला टीव्हीवर बघितलं असेल, कॅप्टन सोडून कुणी रेफरीकडं वाद घालायला गेला की कार्ड, मोठमोठे प्लेअर पण मागं राहात होते. आमच्याकडं १३ वर्षांचा कॅप्टन येतो तेव्हा दंडावरची पट्टी वर ओढत ओढत येतो, छाती फुगवून, त्याला पण ती जबाबदारी आवडते असं मला दिसलंय.

पोरांशी बोलायचं म्हणजे मी वाकून बोलते, एकच वाक्य, आवाज नेहमीपेक्षा खाली. "तुला लागलं, मी बघितलं, फाऊल दिलाय, आता तू काही करायचं नाहीस." खिशावर हात ठेवून कधी बोलत नाही, कार्ड काढणार असले तरी. मला दिसलं नसेल तर मला दिसलं नाही असं सांगते. आधी वाटायचं असं सांगितलं तर डोक्यावर बसतील, पण उलट झालं, मॅडम खोटं बोलत नाही म्हणून पुढच्या वेळी ऐकतात. पोरांचं भांडण खरं तर वीस सेकंदांचं असतं हो. दोघं एकमेकांची कॉलर धरतात, तुम्ही मधे उभं राहता, नावानं किंवा नंबरानं हाक मारता, "सात नंबर, इकडं ये," तो येतो, रडायच्या बेतात असतो, पाणी पितो, आणि पाच मिनिटांनी दोघं एकाच कॉर्नरला शेजारी उभं राहून दात काढत असतात. यात रेफरीला फक्त धाडस नाही, थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ बाहेरचे लोक देत नाहीत.

कारण भांडण येतं दोरीच्या बाहेरनं. आणि दोरी असते कुठं? बहुतेक ग्राउंडवर चुन्याची एक लाइन असते, ती सुद्धा दुसऱ्या मॅचपर्यंत पुसून जाते आणि पालक तिच्यावरच उभे. या लोकांना मी नुसती शिव्या देणार नाही, त्यांचं पण काही आहे. शालेय स्पर्धेत वरच्या लेव्हलला पोचलं तर दहावी-बारावीला खेळाचे वाढीव मार्क, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमधे भारताकडनं खेळला तो सगळ्यांनी बघितलाय. म्हणजे एका पेनल्टीवर पोराचं आयुष्य टांगलंय असं बापाला वाटत असतं. त्यात समोरच्या टीममधे मिसरूड फुटलेला एखादा पोरगा दिसला की झालंच, ओ मॅडम आधार कार्ड बघा त्याचं. वय तपासणं आयोजकांचं काम आहे, मॅचच्या आधी, कागद बघून. मी शिट्टी घेऊन उभी असताना ते मला कसं कळणार? पण विचारतात मलाच, कारण मैदानाच्या मधे उभी मीच दिसते.

पालकांशी मी आता बोलतच नाही. हे मी माझ्या खालच्या नव्या पोरापोरींना पण सांगते, पालकांना नियम समजावत बसायचं नाही, दोन वाक्यं झाली की तिसरं वाक्य भांडणाचंच असतं. मी कोचकडं जाते. त्याच्या समोर नाही, शेजारी उभी राहते, दोघांची तोंडं मैदानाकडं, म्हणजे लांबनं बघणाऱ्याला वाटतं काहीतरी नॉर्मल बोलणं चाललंय आणि कोचला पण माघार घ्यायला लाज वाटत नाही. "सर, तुमच्या मागचे निळा शर्टवाले, त्यांना तुम्ही लाइनच्या मागं घ्या, मी थांबते." आणि खरंच थांबते. बॉल काखेत, घड्याळ बंद. हे थांबणं फार अवघड आहे, पहिले दहा सेकंद वाटतं सगळं ग्राउंड आपल्याकडं बघतंय, आणि ते बघतच असतं, पण त्यानंतर सगळे निळ्या शर्टाकडं बघायला लागतात. मग त्याचाच पोरगा मैदानातनं ओरडतो, पप्पा, जावा की मागं. माझ्यासमोर असं तीनदा झालंय.

कोचच ऐकत नसेल तर कार्ड आहे. पुष्कळ पालकांना आणि काही कोचना सुद्धा माहीत नाही, २०१९ पासून नियमात कोचला पण पिवळं आणि तांबडं कार्ड दाखवता येतं, आणि बेंचवरनं कोण ओरडलं ते सापडलंच नाही तर ते कार्ड तिथल्या मुख्य कोचच्या नावावर लागतं. पहिल्यांदा मी एका कोचला पिवळं दाखवलं तेव्हा तो माणूस हसला, म्हणाला मला? हो सर, तुम्हाला. वहीत नाव लिहिताना माझा हात थरथरत होता, म्हणून मी वही पोटाला टेकवून लिहिलं, ही पण सरांचीच आयडिया.

कार्डाची गोष्ट माहितीये का तुम्हाला? १९६६ च्या वर्ल्ड कपला वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमधे जर्मन रेफरीनं अर्जेंटिनाचा कॅप्टन राटिनला बाहेर काढलं, त्याला जर्मन येत नाही, याला स्पॅनिश येत नाही, तो जायलाच तयार नाही, कितीतरी मिनिटं मॅच लटकली. रेफरी लोकांचे प्रमुख होते केन ॲस्टन, ते गाडीतनं जाताना सिग्नलला थांबले आणि त्यांच्या डोक्यात आलं, पिवळा, लाल, हे तर जगात कुणालाही कळतं. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून कार्डं आली. आणि त्या आख्ख्या १९७० च्या वर्ल्ड कपमधे एकही लाल कार्ड निघालं नाही. मला ही गोष्ट आवडते कारण कार्ड निघालंच मुळी बोलणं संपवण्यासाठी, आपल्याकडं मात्र नवीन रेफरी ते बंदुकीसारखं काढतात, दातओठ खाऊन, हात उंच करून, मग पोरगा पण चिडतो आणि त्याचा बाप पण. सर म्हणायचे कार्ड असं दाखव जसं कंडक्टर तिकीट देतो.

आता ठाम राहणं म्हणजे हट्ट नाही हे पण सांगायला पाहिजे, कारण काही आमचेच भाऊबंद आहेत, शिट्टी मारली म्हणजे ब्रह्मवाक्य. नियमात सरळ आहे की खेळ परत सुरू व्हायच्या आधी चूक लक्षात आली तर निर्णय बदलता येतो. मागच्या सीझनला मी गोल दिला, मागं वळले तर माझा तो वेफर्सवाला लाइन्समन झेंडा वर करून उभा. गेले त्याच्याकडं, काय रे? म्हणाला, "मॅडम बॉल आधी बाहेर गेलेला, मी झेंडा वर केलेला, तुम्ही बघितलाच न्हाई." पोरगा चौदाचा, पण त्याच्या डोळ्यात दिसत होतं खरंय. गोल रद्द केला. आता हे ओरडण्यामुळं बदललं नाही, लाइन्समनमुळं बदललं, हे सगळ्यांना दिसावं म्हणून मी मुद्दाम त्याच्यापाशी चालत गेले आणि तिथूनच दोन्ही कॅप्टनना बोलावून सांगितलं. बोंबाबोंब झालीच. पण रात्री झोप लागली, त्या भरपाईच्या पेनल्टीच्या रात्री लागली नव्हती.

आणि कधी कधी काहीही करा, समोरचा ऐकणारच नाही, हे पण कळलं पाहिजे. मार्च २०२३ ला बंगळुरूत आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) नॉकआउट मॅच झाली, एक्स्ट्रा टाइममधे सुनील छेत्रीनं पटकन फ्री किक मारून गोल केला, केरला ब्लास्टर्सचं म्हणणं आम्ही तयारच नव्हतो, रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल कायम ठेवला आणि ब्लास्टर्सची टीम कोचसकट मैदान सोडून गेली. निर्णय बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात, मी पण भांडते. पण टीम निघून चाललीये, स्टेडियम पेटलंय, आणि माणूस भरपाई करत नाही, वाट बघतो, नियमाप्रमाणे मॅच संपवतो. पुढं फेडरेशननं ब्लास्टर्सला ४ कोटींचा दंड केला, कोचवर १० मॅचची बंदी आली. आमच्याकडं १३ वर्षांखालच्या मॅचला टीम बाहेर काढतो अशी धमकी महिन्यातनं एकदा तरी कोणतरी देतंच. आता मी म्हणते, ठीकाय सर, मी रिपोर्टमधे वेळ लिहिते. बहुतेक वेळा कोण जात नाही.

मी मुलगी आहे म्हणून वेगळं काही होतं का असं लोक विचारतात. होतं. ए पोरी, घरला जा, भाकरी थाप, हे ऐकलंय. पण सरांचं पण ऐकलंय, त्यांना आईवरनं देतात, मला भाकरीवरनं, एवढाच फरक म्हणायचा. आपल्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ ला जॉर्डनमधे मुलींच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला असिस्टंट रेफरी होत्या, २०१७ ला भारतातच मुलांच्या वर्ल्ड कपला एस्टर श्टाउब्ली या स्विस बाईंनी मॅच घेतली, पुरुषांच्या फिफा स्पर्धेत बाईनं मॅच घ्यायची ती पहिलीच वेळ. मैदानात पहिल्या दहा मिनिटांनंतर पोरांना मॅडम काय सर काय, काही फरक पडत नाही, फक्त चुकून "मॅडम" ऐवजी "टीचर" म्हणतात आणि मग लाजतात.

एक वाईट गोष्ट पण लिहायला हवी. डिसेंबर २०१२ ला नेदरलँड्समधे आल्मेरे गावात पोरांची मॅच होती, लाइन्समन म्हणून एका खेळणाऱ्या पोराचा बापच उभा होता, फुकट, हौसेनं. मॅच संपल्यावर समोरच्या टीमच्या पोरांनी त्याला मारलं, लाथा घातल्या, तो दुसऱ्या दिवशी गेला. त्यात शिक्षा झाली ती सहा कोवळ्या पोरांना आणि एका पोराच्या बापाला. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशानं सगळ्या हौशी मॅचेस रद्द केल्या. आपल्याकडं असं व्हायची वाट बघायची का? इंग्लंडमधे खालच्या लेव्हलला रेफरीवर आरडाओरडा केला की प्लेअरला १० मिनिटं बाहेर बसवतात, २०१९ पासून, आणि नियम बनवणाऱ्यांनी पोरांच्या फुटबॉलला ते चालतं असं लिहून ठेवलंय. आपल्या स्पर्धांमधे करायला पैसे पण लागत नाहीत, एक खुर्ची लागते. ती पाच मिनिटांची केली तरी चालेल पोरांसाठी.

आयोजकांना माझं सांगणं एवढंच, बक्षिसाच्या ढालीवर आणि बॅनरवर जो खर्च करता त्यातनं एक सुतळीचा बंडल आणा, चार खुंट्या ठोका आणि पालकांना तीन मीटर मागं ठेवा. आणि नवीन रेफरी असेल तर, म्हणजे बहुतेक कॉलेजचाच पोरगा असतो, १८-१९ वर्षांचा, त्याच्या पहिल्या काही मॅचला एक जुना माणूस नुसता खुर्ची टाकून बसवा. बोलायचं काही नाही. मला सर मिळाले ते माझ्या नशिबानं, माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या सहा जणांत आज दोघंच शिट्टी मारतो, बाकीच्यांनी सोडलं. त्यातल्या एकाला नियम माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. त्याचा व्हिडिओ एका पालकानं व्हॉट्सॲप स्टेटसला लावला, खाली हसणारे चेहरे, तो विषय तिथंच संपला, आता तो मैदानाच्या बाजूनं गाडी पण नेत नाही.

आणि तुम्ही, संपादक साहेब. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराला एकदा विचारायला सांगा, रेफरीचं वय काय होतं, पालक लाइनच्या आत कितीजण होते, आणि आयोजक कुठं होते. मग वादग्रस्त निर्णय लिहा खुशाल.

तो मोठ्या हातमोज्यांचा गोलकीपर आता १५ वर्षांखालच्या टीममधे आहे, मागच्या महिन्यात त्याची मॅच मला आली होती. टॉसच्या वेळी मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखलं का माहीत नाही. हाफटाइमला सांगावं असं मनात होतं, की त्या दिवशी कुणीच पाडलं नव्हतं. सांगितलं नाही, मॅच चालू असताना असलं बोललं तर ती पण एक प्रकारची भरपाईच. सीझन संपल्यावर सांगेन.

कृपया नाव छापू नका. घरचे वाचतील म्हणून नाही. परवाच्या रविवारी मॅच आहे आणि त्या निळ्या शर्टवाल्यांच्या पोराची टीम पण त्यात आहे, त्यांना वाटायला नको की मॅडम आधीच ठरवून आल्यात.

आपली,
एक रेफरी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर